आवडता नट सोलापुरात प्रत्यक्ष भेटणार असेल तर तयारी कशी करावी?

जाईजुई
नमस्कार मंडळी. येत्या रविवारी संध्याकाळी हुतात्मा स्मृती मंदिरात एका व्यावसायिक नाटकाचा प्रयोग आहे आणि त्यात 'तो' आहे. शाळेच्या वयापासून जीव जडलेला एकच नट, तो हा. नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा त्याच्या मालिकांवर जाईल.

तिकीट काढलंय, पाचवी रांग. प्रयोगानंतर रंगपटात, म्हणजे कलाकारांच्या तयारीच्या खोलीत, जाऊन भेटता येतं असं ऐकलंय. परवानगी कुणाची घ्यायची, नेमकं कधी जायचं, सही कशावर घ्यायची, फोटो हलू नये म्हणून काय करायचं, भेट न्यायची की नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ऐनवेळी तोंडातून शब्दच फुटला नाही तर काय, हे सांगा. दोन मिनिटं मिळणार असतील तर ती नीट मिळावीत. किस्से वेगळ्या धाग्यावर लिहू, इथे फक्त कामाचं हवंय.

पार्कचौक
नाव सांगा की ओ! आता रविवारपर्यंत झोप लागायची नाही.

तिसरी_घंटा
दौऱ्यावरच्या नाटकाचा दिवस कसा जातो ते कळलं की भेटीची वेळ आपोआप कळते. सेटचा टेम्पो सकाळी किंवा दुपारी लागतो. नेपथ्य उभं करायला दोन-तीन तास जातात, मग दिवे लावून फोकस करायचे, ध्वनी तपासायचा. कलाकार साधारण दीड-दोन तास आधी येतात. चहा, रंगभूषा, कपडे, कुणाची तरी शेवटची उजळणी. पहिल्या घंटेनंतर रंगपटात बाहेरचा माणूस कुणालाच नको असतो. तुमच्याशी हसून बोलला तरी नटाच्या डोक्यात पहिला प्रवेश सुरू झालेला असतो. त्यामुळे प्रयोगाआधी भेट नको.

मध्यंतर दहा-पंधरा मिनिटांचं. तेवढ्यात घाम टिपायचा, कपडे बदलायचे, रंगभूषा सावरायची, घोटभर पाणी प्यायचं. तेव्हाही नको. बटाटेवडा खा आणि तिसऱ्या घंटेआधी जागेवर या.

पडदा पडल्यानंतर लगेच धावत सुटू नका, पहिली दहा मिनिटं सोडा. पण पाऊण तास थांबलात तर बस सुटलेली असेल. रंगभूषा उतरवायला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि दौरा असेल तर पुढचं गाव गाठायचं असतं. इथून लातूर सव्वाशे किलोमीटर, पुणे अडीचशे. म्हणजे तुमची वेळ पडद्यानंतर दहा ते तीस मिनिटं.

परवानगी दोघांकडे असते. एक तुमच्या शहरातला ठेकेदार, ज्याची माणसं तिकीटखिडकीवर बसतात. दुसरा नाटकाचा व्यवस्थापक, जाहिरातीत ज्याचं नाव 'सूत्रधार' म्हणून छापतात. प्रयोगाआधी खिडकीवरच विचारून ठेवा: "प्रयोगानंतर दोन मिनिटं भेटायचंय, आम्ही दोघी आहोत, कुणाशी बोलू?" किती जण आहात हे आधी सांगा. 'दोघी' म्हणून आत आठ जण शिरले की दार बंद होतं आणि मागे रांगेत उभ्या असलेल्यांचंही नुकसान होतं.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. पडदा पडला की रंगमंचावर सेट सुटायला लागतो. फ्लॅट म्हणजे सेटच्या भिंती उतरवतात, लेव्हल म्हणजे लाकडी चौथरे उचलतात, खिळे खाली पडतात, केबल गुंडाळत असतात, दिव्यांचे स्टँड तापलेले असतात. जवळचा रस्ता म्हणून रंगमंचावर चढून विंगेतून जाऊ नका. बाजूच्या दाराने, विचारूनच जा.

कडकभाकरी
वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. पाचवी रांग उत्तम. पहिल्या रांगेत मान वर करून बसावं लागतं आणि नजर नटाच्या पायांवर राहते. तिसरी ते सहावी रांग म्हणजे चेहरा सरळ समोर. मात्र पुढच्या दिव्यांमुळे नटाला प्रेक्षागृह बहुतेक काळोखच दिसतं, त्याने तुमच्याकडे पाहिलं असं वाटलं तरी ते वाक्याच्या दिशेने पाहणं असतं. त्या काळोखात एक गोष्ट मात्र त्याला स्वच्छ दिसते, ती म्हणजे मोबाईलचा पेटलेला पडदा. सायलेंट पुरेसं नाही, फोन बंद करून पर्समध्ये.

एंट्रीला टाळ्या जरूर वाजवा. नाव घेऊन हाका मारू नका. टाळी थांबेपर्यंत नट वाक्य धरून ठेवू शकतो, हाकेने लय तुटते.

नाडीपरीक्षा
"शब्दच फुटला नाही तर" याचं उत्तर शरीरात आहे. अशा क्षणी अ‍ॅड्रिनलिन वाढतं. हृदयाचे ठोके वाढतात, लाळ कमी होऊन तोंड कोरडं पडतं, त्वचेकडचा रक्तपुरवठा आखडल्याने बोटं गार पडतात आणि स्नायूंवर त्याच रसायनाचा परिणाम होऊन हात बारीक थरथरतात. हे सगळं परीक्षेच्या वेळीही होतं, आनंदाच्या वेळीही होतं, शरीर दोन्हीत फारसा भेद करत नाही. म्हणून घाबरून जायचं कारण नाही.

उपाय साधे आहेत. रांगेत असताना चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, तीन-चार मिनिटं. सोडलेला श्वास लांब असला की ठोके उतरतात. पाणी घोटाघोटाने प्या, एकदम बाटलीभर नको. मध्यंतरात चहा एकच, कारण कॅफिनने थरथर वाढते. उपाशीपोटी जाऊ नका, प्रयोगाआधी दीड-दोन तास काहीतरी हलकं खाऊन घ्या. उकाड्यात बराच वेळ गुडघे ताठ करून उभं राहिलं की रक्त पायांत साठतं आणि भोवळ येते. टाचा वर-खाली करत राहा, पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलतात. कुणाला भोवळ आलीच तर लगेच आडवं करून पाय उंच धरा, बसवून तोंडात पाणी घालू नका.

आणि हे नक्की वाचा: ठोके कमी करायच्या गोळ्या कुणीतरी सुचवतं. प्रोप्रॅनोलॉल डॉक्टरांशिवाय कधीही नाही. दमा असणाऱ्याला ती जिवावर बेतू शकते.

जाईजुई
@नाडीपरीक्षा, मनापासून आभार. बोटं गार पडतात हे तर आत्ता लिहितानाच जाणवतंय!

@पार्कचौक, नाव नाही म्हणजे नाही.

दुरून_डोंगर
माझं मत थोडं वेगळं आहे. भेटूच नये असं नाही, पण 'दुरून डोंगर साजरे' ही म्हण आपल्या लोकांनी अनुभवाने केलीय. अडीच तास घाम गाळलेला माणूस दाराशी तुम्हाला दिसणार. तो पडद्यावरच्या उंचीचा नसेल, आवाज बसलेला असेल, कदाचित नुसती मान हलवेल. वर्षानुवर्षं मनात जपलेली मूर्ती त्या एका मिनिटावर तोलायची का, हे आधी ठरवा. नाटक बघून, टाळ्या वाजवून घरी येणं हाही पूर्ण आनंद आहे.

मनकवडी
@दुरून_डोंगर, तुमचा मुद्दा खरा आहे, पण त्यावर भेट टाळणं हा उपाय नाही, अपेक्षा नीट ठेवणं हा आहे.

१९५६ साली डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी रेडिओ-टीव्हीच्या काळातल्या या नात्यावर लिहिलं. पडद्यावरचा माणूस वर्षानुवर्षं आपल्या घरात येतो, आपल्याकडे बघून बोलतो, आणि आपल्याला त्याच्याशी खरोखरची ओळख असल्यासारखं वाटतं. ही ओळख एका बाजूची असते. जाईजुईला त्याचं हसणं, त्याची बोलण्यातली थांबण्याची सवय पाठ आहे. त्याच्यासाठी ती त्या रात्रीच्या रांगेतली एक अनोळखी व्यक्ती आहे. यात कुणाचा दोष नाही. या अंतराची कल्पना नसली की त्याचं साधं "थँक्यू" तुटक वाटतं आणि रात्रभर ते सलतं. कल्पना असली की तेच "थँक्यू" भरपूर वाटतं.

शिवाय 'क्रश' म्हणजे काही वेडेपणा नव्हे. ज्या वयात आपल्याला काय आवडतं हे आपलं आपल्यालाच उमगत असतं, त्या वयात एखादा चेहरा, एखादा आवाज त्या आवडीला आकार देतो. त्याला समोर पाहताना डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्यावं. रुमाल जवळ ठेवा, एवढंच.

जुळेसोलापूरकर
मनकवडी, फार छान लिहिलंत. वाचनखूण साठवली.

अपर्चर_अक्कलकोट
फोटोचं मी सांगतो. रंगपटातले फोटो दोन कारणांनी वाया जातात. पहिलं, आरशाभोवतीचे दिवे. लोक आरशाकडे पाठ करून उभे राहतात. पेटलेले बल्ब मागे आले की कॅमेरा त्या उजेडावर जातो आणि चेहरे काळवंडतात. तुम्ही दोघं आरशाकडे तोंड करा आणि फोटो काढणाऱ्याला आरशाच्या बाजूला उभं करा. तोच रंगभूषेचा मऊ उजेड तुमच्याही चेहऱ्यावर पडेल.

दुसरं कारण हात. तुमचा हात थरथरणार हे वर डॉक्टरांनी सांगितलंच आहे. त्यात उजेड कमी म्हणून शटर मंद, मग फोटो हलणारच. त्यामुळे सेल्फी नको. सोबतच्या व्यक्तीला फोन द्या, मागचा कॅमेरा, आणि एकाच्या जागी सलग चार-पाच फोटो. एकात तरी डोळे उघडे सापडतात. सेल्फीच घ्यावी लागली तर चेहरे मधोमध ठेवा, रुंद भिंगात कडेचा चेहरा ओढल्यासारखा दिसतो.

आत जाण्याआधी भिंग मऊ कापडाने पुसा, बोटांच्या तेलकट डागामुळे दिव्यांभोवती धूर पसरल्यासारखा दिसतो. फ्लॅश बंद, कारण घाम आणि क्रीम लागलेली त्वचा त्यात चमकते. सौंदर्य वाढवणारा फिल्टर बंद. फोनमध्ये जागा शिल्लक आहे ना, तेही घरीच बघा. काही एलईडी दिव्यांत फोटोवर आडवे पट्टे येतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून असे दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. फोनमध्ये प्रो मोड असेल तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, पट्टे जातात.

शाई_टाक
सहीबद्दल. तिकिटावर सही घ्यायचा मोह सगळ्यांना होतो. तिकीट गुळगुळीत थर्मल कागदावर छापलेलं असेल तर घेऊ नका. तो कागद उष्णतेने काळा होतो. सोलापूरच्या मे महिन्यात बंद गाडीत राहिला तर एका दुपारीच काम तमाम. शिवाय छपाई काही महिन्यांत उडते आणि स्पिरिटच्या शाईचं मार्कर लावलं तर कागदावर डाग पडतो.

दोन चांगले पर्याय. त्याचा जुना फोटो स्टुडिओतून छापून घ्या, मॅट कागदावर. चकचकीत कागदावर बॉलपेन घसरतं आणि खड्डा पाडतं, जेल पेन पुसलं जातं. तिथे बारीक टोकाचं परमनंट मार्कर चालतं, सहीनंतर मिनिटभर उघडी धरा. दुसरा पर्याय, चांगल्या जाड कागदाची वही आणि पिगमेंट शाईचं पेन. ही शाई पाण्याने फुटत नाही आणि उन्हाने लवकर विटत नाही. मार्कर वहीवर नको, पलीकडच्या पानावर उतरतं.

खाली टेकायला पाठ कडक हवी, वही किंवा पुठ्ठा. पेनाचं टोपण रांगेतच काढून ठेवा. घरी आल्यावर फोटो पीव्हीसीच्या पिशवीत ठेवू नका, ते प्लास्टिक शाईला चिकटतं. फ्रेम करताना काच फोटोला टेकू नये म्हणून मधे माउंट घाला, आणि खिडकीसमोरच्या भिंतीवर टांगू नका.

टेरी_टॉवेल
भेटवस्तूचा विषय निघालाय तर बोलतोच. सोलापुरी चादर ही आपली शान, भौगोलिक मानांकन मिळालेली. पण दौऱ्यावरच्या नटाला चादर देऊ नका! प्रत्येक सत्कारात मिळते, वजनदार असते आणि बसमध्ये त्याच्याकडे एकच बॅग असते.

त्याऐवजी टेरीचे दोन नॅपकिन द्या, शंभर टक्के सुती, साडेचारशे ते पाचशे जीएसएमचे. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममध्ये वजन. तीनशेचा विरळ वाटतो, सहाशेचा लवकर वाळत नाही, आणि दौऱ्यावर वाळणं महत्त्वाचं. रंग गडद घ्या, मरून किंवा निळा, कारण रंगभूषा पुसली की पांढऱ्यावरचे डाग निघत नाहीत. नव्या टॉवेलवर कारखान्यातलं फिनिश असतं, पहिल्या धुण्याआधी तो पाणी नीट शोषत नाही आणि तंतू सोडतो. सोबत चिठ्ठी घाला: "एकदा धुऊन मग वापरा." रोज रात्री तोंड पुसताना सोलापूर आठवेल, अजून काय पाहिजे.

कडकभाकरी
नॅपकिनची कल्पना जबरदस्त! पण शेंगाचटणीशिवाय सोलापूरची भेट पुरी होत नाही, हे माझं ठाम मत.

तिसरी_घंटा
चटणी द्या, पण व्यवस्थापकाच्या हातात. आणि सीलबंद पाकीट द्या, घरी कुटलेली नको. चव घरचीच श्रेष्ठ, पण अनोळखी हातचं उघडं खाणं बहुतेक कलाकार खात नाहीत, आणि ते योग्यच आहे. घसा खराब झाला तर उद्याचा प्रयोग जातो. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असणारी माणसं असतात, पाकिटावर घटक छापलेले असले की त्यांना कळतं.

कडकभाकरी
पटलं. मग सीलबंद पाकीट कसं निवडायचं तेही सांगते. चांगल्या चटणीत भाजलेले शेंगदाणे, लाल तिखट, लसूण, जिरं, मीठ, बस्स. उखळात कुटल्यावर दाण्याचं स्वतःचं तेल सुटतं आणि चटणी दाबली की मुठीत गोळा राहते. भुरभुरीत पूड दिसली तर ती मिक्सरमध्ये फिरवलेली. वरून तेल तरंगत असेल तर तेल घातलेलं. पाकिटावरची तारीख बघा, दाणा जुना झाला की खवट होतो. कडक भाकऱ्या देऊ नका, त्या दिवसेंदिवस टिकतात पण बसच्या प्रवासात चुरा होतो.

आणि जाईजुई, चटणी खाऊन भेटायला जाऊ नका, लसूण तुमच्याआधी बोलेल.

पार्कचौक
हाहा! अत्तरही नको मग. रंगपट छोटासा, त्यात उग्र वास कोंडतो. मोगऱ्याचा गजरा चालेल का?

मनकवडी
गजरा शोभून दिसेल. मोठा पुष्पगुच्छ मात्र नको, सेलोफेन वाजतं, ठेवायला जागा नसते आणि रात्रीच्या बसमध्ये कुणी नेत नाही. द्यायचंच तर एक फूल.

अकलूजकर
थोडं अवांतर. आपण मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांच्याच स्वागताचं बोलतोय. शशिकला यांचा जन्म सोलापूरचा. अतुल कुलकर्णी इथेच शाळा शिकले आणि सोलापूरच्या हौशी रंगभूमीवर उभे राहिले. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, रिंकू राजगुरू आमच्या अकलूजची, पहिल्याच सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कारात विशेष उल्लेख. या मातीतला कलाकार भेटला तर बोलायला विषय शोधावा लागत नाही, गाव आणि गल्ली विचारली की झालं. फक्त घरचा पत्ता विचारू नका आणि गावी त्यांच्या दारात जाऊन उभे राहू नका. तिथे त्यांचे आईवडील, भावंडं राहतात, त्यांनी प्रसिद्धी मागितलेली नाही.

बंदोबस्त
वरच्या शेवटच्या ओळीला शंभर टक्के दुजोरा. हॉटेल, स्टेशन, खासगी गाडीचा पाठलाग, हे तिन्ही पूर्ण वर्ज्य. सिद्धेश्वर एक्सप्रेसच्या डब्यात चढून झोपायला निघालेल्या माणसाला उठवणं म्हणजे प्रेम नव्हे, त्रास आहे.

नाट्यगृहातली भेट सुरक्षित असते. पण दुकानाचं उद्घाटन, दहीहंडी, नवरात्राचा कार्यक्रम अशा ठिकाणी कलाकार येतो तेव्हा गर्दीचं भान हवं. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहापेक्षा जास्त माणसं झाली की गर्दी पाण्यासारखी हलायला लागते, आपल्या पायांवर आपला ताबा राहत नाही. चेंगराचेंगरीत माणसं बहुतेक छाती दाबली जाऊन, श्वास कोंडून दगावतात. म्हणून बॅरिकेडला चिकटून मधोमध उभे राहू नका, कडेला राहा. दाब जाणवला की दोन्ही हात कोपरात वाकवून छातीसमोर धरा, श्वासाला जागा राहते. लाटेच्या उलट जाऊ नका, लाट थांबली की तिरपं सरकत कडेला या. फोन पडला तर वाकू नका, फोन गेला तर गेला. लहान मूल खांद्यावर घेऊन अशा गर्दीत जाऊच नये.

दुसरं, फसवणूक. "कलाकाराशी खासगी भेट घालून देतो, आगाऊ रक्कम पाठवा" असे मेसेज येतात, नावापुढे निळी खूण दिसेल असं चित्रही लावतात. नाटकाचा ठेकेदार कधी भेटीचे पैसे व्हॉट्सअ‍ॅपवर मागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. पहिल्या काही तासांत कळवलं तर रक्कम पुढे जाण्याआधी गोठवता येण्याची शक्यता असते.

जुळेसोलापूरकर
१९३० हा आकडा सोलापूरकराला पाठ करावा लागत नाही. त्याच साली मे महिन्यात इथे मार्शल लॉ लागला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली. ज्या वास्तूत जाईजुई नाटक बघणार आहेत तिला नाव त्या चौघांचंच आहे. बाहेरगावच्या कलाकाराला हे दोन वाक्यांत सांगितलं तर आवडेल, बरेच जण विचारतातही.

जाईजुई
किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी! पण मूळ प्रश्न अजून शिल्लक आहे: बोलायचं काय? "तुम्ही माझे क्रश आहात" असं सरळ सांगावं का?

पार्कचौक
सांगून टाका ओ. त्यात लाजायचं काय?

दुरून_डोंगर
नको. समोरच्याने त्यावर काय उत्तर द्यायचं? हसून "धन्यवाद" म्हणण्याखेरीज त्याच्या हाती काही उरत नाही आणि संवाद तिथेच संपतो. बाजूला त्याची पत्नी किंवा सहकलाकार असतील तर त्यांनाही अवघड होतं.

मनकवडी
इथे मी दुरून_डोंगर यांच्या बाजूची. जे वाटतं ते त्याच्या कामातून सांगा. "तुम्ही खूप छान काम करता" हे तो रोज ऐकतो. त्याऐवजी त्या रात्रीच्या प्रयोगातली एकच नेमकी जागा उचला. अमुक प्रवेशात पत्र हातात घेऊन वाचण्याआधी तो थांबला, तिथे सभागृह गप्प झालं, असं काहीतरी. ती जागा मध्यंतरात ठरवा आणि वाक्य मनात जुळवून ठेवा. नटाने ती जागा तालमीत घासूनपुसून तयार केलेली असते. ती कुणाला दिसली हे कळलं की थकलेला चेहराही खुलतो आणि तो स्वतःहून बोलायला लागतो. मग तुम्ही फक्त ऐकायचं.

दोन वाक्यं पुरतात. पहिलं त्या जागेबद्दल, दुसरं "शाळेत असल्यापासून तुमचं काम बघतेय."

कडकभाकरी
"शाळेत असल्यापासून" नको! समोरच्याला एकदम वय झाल्यासारखं वाटतं.

तिसरी_घंटा
मला चालेलसं वाटतं. रंगभूमीवरचा माणूस 'इतकी वर्षं' ऐकून सुखावतो, कारण इतकी वर्षं टिकणं हीच अवघड गोष्ट आहे. न बोलण्याच्या गोष्टी वेगळ्या आहेत. "टीव्हीवर जाड दिसता", "हल्ली दिसत नाही कुठे", "अमक्याबरोबर तुमचं बिनसलं म्हणे", "माझ्या भाच्याला काम द्या". आणि सगळ्यात वाईट म्हणजे व्हिडिओ कॉल लावून "आत्याशी एक मिनिट बोला ना" म्हणत फोन तोंडासमोर धरणं. मागच्या वीस माणसांचा वेळ त्यात जातो.

खांद्यावर हात टाकू नका. नमस्कार करा, त्याने हात पुढे केला तर हस्तांदोलन. फोटो आधी, सही नंतर, कारण सही करताना मान खाली असते आणि तेवढ्यात तुमची दोन वाक्यं निवांत बोलून होतात. वर पाहण्याचा ताण नाही, डोळ्यांत बघावं लागत नाही, शब्द सुटतात.

नाडीपरीक्षा
सही करताना बोलायचं, हे फार उपयोगी आहे. त्यात एक भर. ती दोन वाक्यं मनातल्या मनात न घोकता मोठ्याने, उभं राहून म्हणून बघा. ताणाच्या वेळी नवं काही जुळवायला मेंदू कमी पडतो, पण जिभेवर बसलेलं बाहेर पडतं. तरीही अडलंच तर नुसतं नाव सांगून "नाटक फार आवडलं" म्हणा. तेवढंही पूर्ण आहे.

शाई_टाक
आणि एक पत्र लिहून न्या. भेट झाली नाही, बस लवकर सुटली, व्यवस्थापकाने नाही म्हटलं, तरी पत्र पोचतं. एकच पान, हाताने लिहिलेलं, वाचता येईल अशा अक्षरात. मनातलं सगळं तिथे लिहा, अगदी क्रश हा शब्दसुद्धा. कागदावर ते अवघड वाटत नाही, वाचणाऱ्याला लगेच उत्तर द्यायचं नसतं. उत्तराची मागणी करू नका.

मनकवडी
पत्राची कल्पना फार आवडली. क्रशबद्दलचा माझा नकार पत्राला लागू नाही.

जाईजुई
ठरलं तर मग. खिडकीवर विचारणा शनिवारीच करते. मरून नॅपकिन, चटणीचं सीलबंद पाकीट व्यवस्थापकाकडे, जुना फोटो मॅट कागदावर, पत्र, आणि बहीण फोटो काढणार, मी आरशाकडे तोंड करून. एक शेवटचं विचारते. सहीवर माझं नाव नीट यावं यासाठी काय करू? माझं नाव बहुतेकांकडून चुकीचं लिहिलं जातं.

शाई_टाक
पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराच्या चिठ्ठीवर देवनागरीत मोठ्या अक्षरात फक्त नाव, आडनाव नको, आणि ती चिठ्ठी फोटोच्या वरच्या कोपऱ्यात क्लिपने अडकवा. क्लिप प्लास्टिकची घ्या, लोखंडी क्लिपचा वळ फोटोवर उमटतो. फोटो देताना सही कुठे हवी ते बोटाने दाखवा, गडद भागावर काळी शाई दिसत नाही. फोटोची पार्श्वभूमी गडदच असेल तर चंदेरी मार्कर न्या, आणि घरी एकदा रद्दीवर चालवून बघा. चंदेरी शाई खाली बसते, पेन आधी हलवावं लागतं.

पार्कचौक
चंदेरी मार्कर आज घ्या, रविवारी दुकानं बंद असतात बऱ्याच ठिकाणी. आणि नाव… बरं, सोमवारी तरी सांगा!